वारसा सगळ्यांचा, पण पोहोचतो किती जणांपर्यंत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकांना जुन्या वास्तू, वस्तू आणि कागदपत्रं दाखवण्याचं, समजावून सांगण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. पालक, शिक्षक, स्वयंसेवक, छोट्या संग्रहालयात एकट्याने खिंड लढवणारे कर्मचारी असे सगळे भेटतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. ते प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात, म्हणून त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच दिलं आहे.

सांस्कृतिक वारसा म्हणजे त्यात काय काय धरायचं?

आधीच्यांनी घडवलेलं आणि पुढच्यांच्या हाती द्यावंसं वाटतं ते सगळं. वास्तू, लेणी, शिल्पं, चित्रं, नाणी, हस्तलिखितं, छायाचित्रं, ध्वनिमुद्रणं हे झालं डोळ्यांना दिसणारं. गाणी, नृत्य, कथा, विणकामाच्या नि होडी बांधण्याच्या रीती हे माणसांच्या हातात आणि जिभेवर असतं. वास्तू आणि स्थळांसाठी युनेस्कोचा करार १९७२ मध्ये झाला, तर अमूर्त वारशासाठीचा २००३ मध्ये. हस्तलिखितं आणि दस्तऐवजांसाठी ‘जागतिक स्मृती’ हा उपक्रम १९९२ पासून चालतो. कागदावर हे कप्पे वेगळे दिसतात, पण दगड घडवणारे हात उरले नाहीत की दगडी वास्तूची दुरुस्तीही अडून बसते.

वारसा पाहायला मिळणं हा आपला हक्क आहे की कुणी दिलेली सवलत?

हक्क. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं २७ वं कलम म्हणतं की समाजाच्या सांस्कृतिक जीवनात मोकळेपणाने भाग घेण्याचा आणि कलांचा आनंद घेण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. योगायोग असा, की युनेस्कोच्या १९७२ च्या करारातही २७ वं कलमच लोकशिक्षणाचं आहे. शिक्षण आणि माहितीच्या कार्यक्रमांतून लोकांच्या मनात वारशाविषयी आपुलकी आणि आदर वाढवण्याची जबाबदारी ते कलम देशांवर टाकतं. त्याच कराराचं चौथं कलम जतनाच्या जोडीला वारसा लोकांसमोर मांडण्याचंही कर्तव्य सांगतं. जतनाचं नाव पुढे करून कुणी सगळंच कुलपात घालत असेल, तर त्याला हे कलम जरूर दाखवावं.

इथवर यायला वेळ लागला. लंडनचं ब्रिटिश म्युझियम १७५९ साली उघडलं तेव्हा प्रवेश मोफत होता, पण आत जायचं तर आधी लेखी अर्ज करून तिकीट मिळवावं लागे. ज्याला लिहिता येत नाही त्याचं काय, हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता. पॅरिसच्या लूव्र राजवाड्यातला राजघराण्याचा चित्रसंग्रह फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १० ऑगस्ट १७९३ रोजी, संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुला झाला. राजाची मालमत्ता ती जनतेची, हा विचार तिथे भिंतीवर टांगलेला दिसला. आणि अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२२ मध्ये, संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राग इथे संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली. संग्रहालय लोकांसाठी खुलं, पोहोचण्याजोगं आणि सगळ्यांना सामावून घेणारं असावं, असं त्या व्याख्येतच आता लिहिलेलं आहे.

दार उघडं आहे, तिकीटही नाही. तरी लोक का येत नाहीत?

दार उघडं असणं वेगळं आणि आत यावंसं वाटणं वेगळं. माझं उभं आयुष्य या दोहोंमधलं अंतर मोजण्यात गेलं आहे.

पैशाची अडचण खरीच असते. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांनी १ डिसेंबर २००१ पासून कायम प्रदर्शनांचं शुल्क काढून टाकलं, तेव्हा आधी पैसे घेणाऱ्या ठिकाणी येणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. पण तिकीट गेलं म्हणून बाकीचे अडसर जात नाहीत. जो माणूस सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा कामावर असतो, त्याच्यासाठी दहा ते पाच उघडी असणारी वास्तू बंदच आहे. व्हीलचेअरवरच्या माणसाला पहिल्या तीन पायऱ्या पुरेशा होतात. तान्ह्या बाळाच्या आईला बसायला जागा आणि स्वच्छतागृह नसेल, तर ती अर्ध्या तासात परत फिरते.

सगळ्यात चिवट अडसर डोळ्यांना दिसत नाही. ‘हे आपल्यासारख्यांसाठी नाही’ ही भावना. उंच दार, गणवेशातला पहारेकरी, समजत नाहीत अशा शब्दांतल्या पाट्या, जोरात बोललं की वळून बघणारे लोक. एकदा एक आजोबा प्रवेशद्वाराशी चपला हातात घेऊन उभे होते. आत जायला कुणाची परवानगी घ्यायची, असं त्यांनी मला विचारलं. त्या दिवसापासून मी दाराशी पहारेकऱ्याच्या जोडीला एक ‘या’ म्हणणारं माणूस असावं असा आग्रह धरते. त्यासाठी निधी लागत नाही, फक्त रोजच्या कामाची वाटणी बदलावी लागते.

वेळेच्या बाबतीत फ्रान्सचं उदाहरण घेण्यासारखं आहे. १९८४ मध्ये तिथे वर्षातला एक दिवस ऐतिहासिक वास्तूंची दारं उघडी ठेवायला सुरुवात झाली, एरवी बंद असणाऱ्या सरकारी आणि खासगी वास्तूंचीसुद्धा. पुढे ही कल्पना युरोपभर पसरली. वर्षातला एखादा दिवस पुरेसा नाही हे खरं, पण त्या एका दिवशी माणूस आत शिरतो आणि भीड मोडते.

माणसं वाढली की नुकसान वाढतं. मग बंद ठेवलेलंच बरं नाही का?

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. फ्रान्समधल्या लास्को गुहेचं उदाहरण बघा. १९४० मध्ये चार मुलांना ही गुहा सापडली. हजारो वर्षं अंधारात सुखरूप राहिलेली चित्रं १९४८ मध्ये लोकांना खुली झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत गुहा आजारी पडली. रोज शेकडो माणसं आत श्वास सोडत होती. त्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प, अंगाची ऊब, विजेचे दिवे यांनी भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं, पांढरे क्षार जमू लागले. १९६३ मध्ये गुहा लोकांसाठी बंद झाली. स्पेनमधल्या अल्तामिरा या चित्रगुहेचीही गत तशीच झाली. १९७७ मध्ये बंद, मग मोजक्या लोकांना प्रवेश, २००२ मध्ये पुन्हा बंद. २०१४ पासून आठवड्याला पाच माणसांना, तीही चिठ्ठ्या टाकून, आत सोडण्याचा प्रयोग झाला. या दोन्ही ठिकाणांचा धडा घेऊन फ्रान्समध्येच १९९४ मध्ये सापडलेली शोव्हे ही चित्रगुहा लोकांसाठी कधी उघडलीच नाही.

म्हणजे बंद ठेवणं कधी कधी योग्यच असतं. माझी अट एवढीच, की बंद करणाऱ्याने कारण सांगावं, मोजमाप दाखवावं आणि बदल्यात लोकांना काहीतरी द्यावं. या गुहांच्या बाबतीत तसं झालं. हवेतली आर्द्रता, तापमान, वायूचं प्रमाण मोजलं गेलं आणि जवळच हुबेहूब प्रतिकृती उभ्या राहिल्या. ‘जतनासाठी बंद’ अशी पाटी लावून वर्षानुवर्षं ना दुरुस्ती ना मोजणी, हा प्रकार मात्र वेगळा. तिथे नागरिकांनी विचारत राहायलाच हवं.

शिवाय पूर्ण उघडं आणि पूर्ण बंद यांच्यामध्ये बरीच जागा आहे. एका वेळी किती माणसं आत जातील याला मर्यादा घालता येते, वेळ ठरवून तिकिटं देता येतात, एक दालन उघडं असताना दुसऱ्याला विसावा देता येतो.

प्रतिकृती बघणं म्हणजे फसवणूकच नाही का?

प्रतिकृती आहे हे लपवलं तर फसवणूक. सांगितलं तर नाही. लास्कोची पहिली प्रतिकृती १९८३ मध्ये उघडली, संपूर्ण गुहेचा आवाका देणारी नवी २०१६ मध्ये. प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या थडग्याची प्रतिकृती २०१४ पासून इजिप्तमधल्या लक्सर इथे आहे आणि खऱ्या थडग्यात ज्या भिंतीपासून दूर उभं राहावं लागतं, तिच्याजवळ तिथे नाक लावून उभं राहता येतं. खऱ्या वस्तूसमोर अंगावर येणारा शहारा प्रतिकृतीसमोर येत नाही, हे मी कबूल करते. पण शिकायचं असेल, रेषा कशी ओढली ते बारकाईने बघायचं असेल, तर प्रतिकृती कित्येकदा जास्त उपयोगी पडते.

दालनात इतका अंधार का असतो? आणि फ्लॅश का चालत नाही?

रंग उडतो म्हणून. कागद, कापड, जलरंग यांसारख्या नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू नये असा संकेत आहे, म्हणजे घरात आपण वाचायला घेतो त्याच्या कितीतरी कमी. तैलचित्रांना साधारण २०० लक्सपर्यंत चालतं. प्रकाशाने झालेलं नुकसान साठत जातं, वस्तू पेटीत परत ठेवली म्हणून भरून निघत नाही. म्हणूनच नाजूक वस्तू काही महिने मांडून मग विश्रांतीला पाठवतात.

फ्लॅशचं म्हणाल तर एखाद्या चमकेने चित्र खराब होत नाही. हजारो लोकांच्या हजारो चमका टाळायच्या असतात आणि शेजारी शांतपणे बघत उभ्या असलेल्या माणसाचाही विचार असतो. फ्लॅशशिवाय फोटो मात्र काढू द्यावेत असं माझं ठाम मत आहे. माणूस फोटो घरी नेतो, कुणाला तरी दाखवतो, त्यावर बोलतो. कर्जाऊ आणलेली वस्तू, जिवंत कलाकाराचं काम किंवा एखाद्या समाजाची श्रद्धा अशी खास कारणं असतील तर ती पाटीवर लिहावीत.

हात लावला तर असं काय बिघडणार आहे?

आपल्या बोटांवर घाम, क्षार आणि तेल असतं. धातूवर त्याचे ठसे गंजासारखे उमटतात, दगड जिथे हजारो हात फिरतात तिथे गुळगुळीत नि काळपट होतो. तरीही हातमोजे घातले की काहीही हाताळता येतं, हा गैरसमज आहे. जुनं कागद किंवा हस्तलिखित उलटायचं तर बहुतेक ठिकाणी आता स्वच्छ धुतलेले, कोरडे, उघडे हातच सांगतात. सुती मोज्यात बोटांना अंदाज येत नाही, पान फाटतं. धातू आणि छायाचित्रांसाठी मात्र मोजे हवेतच, तेही शक्यतो नायट्राइल या कृत्रिम रबराचे.

ज्यांना दिसत नाही त्यांनी काय करायचं?

त्यांनी हात लावायचा. वरच्या उत्तराशी हे विसंगत वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

इटलीतल्या आन्कोना शहरात १९९३ पासून ओमेरो संग्रहालय आहे. एका अंध दांपत्याच्या पुढाकाराने ते उभं राहिलं. तिथे प्रसिद्ध शिल्पांच्या प्रतिकृती बोटांनी वाचता येतात. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१५ मध्ये काही गाजलेल्या चित्रांच्या उठावाच्या प्रती करून मांडल्या होत्या. चेहऱ्याची वळणं, कापडाच्या चुण्या बोटांना कळाव्यात अशा. पुस्तकांच्या बाबतीत २०१३ चा माराकेश करार आहे. अंध वाचकांसाठी ब्रेल किंवा श्राव्य प्रत करताना कॉपीराइटची आडकाठी येऊ नये आणि अशा प्रती एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता याव्यात, ही सोय त्याने केली.

मोठ्या संस्थांकडे यंत्रं आणि पैसा असतो हे खरं. पण छोट्या ठिकाणीही दोन गोष्टी आजपासून करता येतात. तुटक्या, नोंदीत नसलेल्या किंवा मुद्दाम बनवून घेतलेल्या वस्तूंची एक ‘हाताळायची पेटी’ ठेवावी. आणि वस्तूचं शब्दचित्र सांगायला शिकावं. ‘ही सुंदर मूर्ती’ म्हणून न दिसणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘तुमच्या कमरेएवढी उंच, काळ्या दगडाची, उजवा गुडघा किंचित पुढे, डाव्या हाताची तीन बोटं तुटलेली’ असं सांगा. गंमत म्हणजे हे ऐकताना ज्यांना दिसतं तेही पुन्हा वळून मूर्तीकडे बघतात. तोपर्यंत त्यांनी ती बोटं पाहिलेलीच नसतात.

माहितीची पाटी कशी लिहावी?

उभ्याने, गर्दीत, दमलेल्या पायांनी वाचणाऱ्या माणसासाठी. पन्नास-साठ शब्दांपलीकडे बहुतेक जण जात नाहीत.

समजा एक मातीचं भांडं आहे. नेहमीची पाटी अशी असते: ‘मृण्मय घट. लोहयुग. उत्खननात प्राप्त. उंची ३१ सेंमी.’ यात चूक काही नाही, पण वाचून माणूस पुढे सरकतो. तीच पाटी अशी लिहून बघा: ‘वाकून घटाच्या आत पाहा. कुंभाराच्या बोटांचे ठसे अजून तिथे आहेत. बाहेरचा भाग त्याने घासून गुळगुळीत केला, आत कोण बघणार म्हणून ठसे तसेच सोडले. तळाचा काळा डाग चुलीचा आहे, म्हणजे घट शोभेसाठी नव्हता.’ आता माणूस वाकतो. उंची आणि काळ खाली लहान अक्षरात द्या, ज्याला हवं तो वाचेल.

फ्रीमन टिल्डन या अमेरिकी लेखकाने १९५७ मध्येच सांगून ठेवलं की वारसा उलगडून सांगण्याचा मुख्य हेतू माहिती देणं हा नसून कुतूहल चेतवणं हा आहे. एवढ्या वर्षांनीही बहुतेक पाट्या माहितीच देत बसतात.

आणखी एक. जे नक्की ठाऊक नाही ते पाटीवर ‘अभ्यासकांत मतभेद आहेत’ असं मोकळेपणाने लिहा. लोकांचा विश्वास त्याने वाढतो.

मुलांना घेऊन गेलं की ती कंटाळतात. काय करावं?

कमी दाखवा. एका भेटीत तीन वस्तू पुष्कळ झाल्या. चाळीस दालनांतून मुलांची रांग पळवत नेणं ही त्यांना कायमचं दूर करण्याची खात्रीची रीत आहे.

दुसरं, बोलायच्या आधी बघू द्या. ॲबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांनी रुजवलेली एक पद्धत मला फार उपयोगी पडली आहे. तिच्यात तीनच प्रश्न असतात. या चित्रात काय चाललंय? असं तुला कशावरून वाटलं? अजून काय दिसतंय? बस. शिक्षकाने उत्तर चूक की बरोबर ते सांगायचं नाही, फक्त मुलाने जे सांगितलं त्याकडे बोट दाखवायचं आणि ते आपल्या शब्दांत पुन्हा म्हणायचं. दुसऱ्या प्रश्नात सगळं आलं. ‘कशावरून?’ विचारलं की मूल पुरावा शोधायला लागतं. पहिली पाच मिनिटं शांततेत जातात आणि शिक्षक घाबरतात. घाबरू नका, थांबा.

मुलांच्या नजरेवर माझा विश्वास बसण्याचं एक जुनं कारण आहे. १८७९ मध्ये अल्तामिरा गुहेत मार्सेलिनो सान्स दे साउतुओला जमीन उकरून दगडी हत्यारं शोधत होते. त्यांची आठ वर्षांची मुलगी मारिया सोबत होती. तिने मान वर केली आणि छतावरचे गवे तिला दिसले. तज्ज्ञांनी मात्र ही चित्रं इतकी प्राचीन असूच शकत नाहीत म्हणून वडिलांना खोटं ठरवलं. त्यांचं म्हणणं खरं होतं हे तज्ज्ञांनी जाहीरपणे मान्य केलं ते १९०२ मध्ये. तोवर साउतुओला हयात नव्हते.

तिसरं, मुलांच्या हाताला काम द्या. पेन्सिल आणि कोरा कागद. वस्तूचं चित्र काढायला बसलेलं मूल तिच्याकडे वीस मिनिटं बघतं. मोठ्यांना कुणी इतका वेळ बघायला लावत नाही. आणि ‘प्रश्नावली भरून आणा’ हा प्रकार टाळा. मुलं पाट्यांवरून उत्तरं उतरवतात, वस्तूकडे बघतही नाहीत.

संग्रहालय दूर आहे, सहल शक्य नाही. वर्गातच काही करता येईल?

होय. घरातली जुनी वस्तू आणायला सांगा. किल्ली, चष्मा, वजनमाप, पत्र, काहीही. ती कशाची आहे, कुठे झिजली आहे, झिजली म्हणजे ती कशी धरत असतील, कुणी दुरुस्त केली आहे का, तिच्या जागी आज काय वापरतो, असे प्रश्न विचारा. मग मुलांनाच त्या वस्तूची पाटी लिहायला लावा आणि वर्गात प्रदर्शन मांडा. काय ठेवायचं, काय वगळायचं, कुणाची गोष्ट सांगायची, हे भांडण वर्गात झालं की संग्रहालय म्हणजे काय ते मुलांना आतून कळतं.

दुःखद किंवा लाजिरवाणा इतिहास मुलांना दाखवावा का?

दाखवावा, वय बघून. नाझींची छळछावणी आउश्वित्झ १९७९ पासून आणि हिरोशिमाचा अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेला घुमट १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि दोन्ही जाणूनबुजून आहेत. आउश्वित्झचं स्मारक चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नये असं स्वतःच सुचवतं. आधी तयारी, नंतर बोलायला मोकळा वेळ, हे दोन्ही नसेल तर नेऊ नका.

सगळं स्कॅन करून ऑनलाइन टाकलं की काम झालं, नाही का?

अर्धं झालं. मोठ्या संग्रहालयांनी या बाबतीत खरोखर उदारपणा दाखवला आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१२ पासून आपली चित्रं मोठ्या आकारात मोफत उतरवून घ्यायला दिली. रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ची त्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रतिमा ७१७ अब्ज पिक्सेलची आहे, रंगातल्या बारीक भेगासुद्धा मोजता येतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाख प्रतिमा कुठल्याही वापरासाठी खुल्या केल्या, अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेने २०२० मध्ये २८ लाख.

पण प्रतिमा सापडली तर पाहिजे. ज्या नोंदीत फक्त दाखलक्रमांक आणि शास्त्रीय नाव आहे, ती कुणालाही शोधून मिळत नाही. लोक ‘दिवा’ शोधतात आणि नोंद असते ‘दीपपात्र’ अशी. म्हणून दोन्ही शब्द द्या, लोकांच्या तोंडचे शब्द आधी. त्यांच्या भाषेत नोंदी हव्यात, मोबाइलवर उघडतील इतक्या हलक्या हव्यात आणि वापरायची परवानगी आहे की नाही हे एका ओळीत समजायला हवं.

शेकडो वर्षं जुन्या चित्राच्या फोटोवर कॉपीराइट कसा लागतो?

देशोदेशी कायदा वेगळा, पण वारं मोकळेपणाच्या बाजूने आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशातलं १४ वं कलम सांगतं, की ज्या दृश्य कलाकृतीची कॉपीराइटची मुदत संपली आहे तिची जशीच्या तशी प्रत काढल्याने नवा कॉपीराइट तयार होत नाही. फोटोग्राफरने स्वतःची निर्मिती घातली असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेत १९९९ च्या एका निकालात न्यायालयाने हाच विचार मांडला होता.

डिजिटल प्रत तरी कायम टिकते ना?

टिकवली तर. १०८६ साली इंग्लंडमध्ये जमिनींची मोठी पाहणी होऊन ‘डूम्सडे बुक’ तयार झालं. त्याला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवी पाहणी केली. दहा लाखांहून जास्त लोकांनी माहिती, फोटो, आठवणी दिल्या आणि ते सगळं खास लेसर डिस्कवर साठवलं. पंधरा-सोळा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रंच दुर्मिळ झाली आणि माहिती सोडवून आणायला संशोधकांना खटपट करावी लागली. चर्मपत्रावरचं जुनं पुस्तक तोवर शांतपणे वाचता येत होतं.

प्रती जळतातही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात रॉबर्ट गिल यांनी एकोणिसाव्या शतकात कितीतरी वर्षं घालवली. त्यांतल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. एकच प्रत, एकाच ठिकाणी. म्हणून आज सांगतात, तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. आणि दर काही वर्षांनी उघडून बघा.

चांगली प्रत काय करू शकते तेही सांगते. इतिहासकार ॲन्ड्र्यू टॅलन यांनी २०१० च्या सुमारास पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं लेसरने बारीक मोजमाप घेतलं होतं, अभ्यास म्हणून. एप्रिल २०१९ मध्ये छप्पर जळालं. तेव्हा टॅलन हयात नव्हते, त्यांची मोजमापं होती. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं.

म्हणजे सगळं सगळ्यांना दाखवायलाच हवं?

नाही. हे उत्तर द्यायला मला वेळ लागला, कारण मी दारं उघडण्याच्या बाजूची आहे.

ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या महाकाय खडकावर पर्यटक कित्येक दशकं चढत होते. तो तिथल्या मूळनिवासी आनंगू लोकांसाठी पवित्र आहे आणि चढू नका अशी विनंती ते करत होते. १९८५ मध्ये जमिनीची मालकी त्यांना परत मिळाली, पण चढाई कायमची बंद व्हायला २६ ऑक्टोबर २०१९ उजाडावा लागला. खडक आजही पाहता येतो, भोवतीने चालता येतं, आनंगू मार्गदर्शकांकडून गोष्टी ऐकता येतात. मला विचाराल तर आता तिथे लोकांना जास्त कळतं.

त्याच देशातल्या वारुमुंगू या मूळनिवासी समाजाबरोबर काम करताना ‘मुकुर्तू’ ही संगणकीय व्यवस्था जन्माला आली. कोणतं छायाचित्र, कोणतं गाणं कुणी पाहावं-ऐकावं, हे तो समाज आपल्या रीतींप्रमाणे ठरवतो आणि यंत्र तसंच वागतं. काही गोष्टी फक्त स्त्रियांसाठी, काही फक्त ठरावीक कुटुंबांसाठी. ज्यांचा वारसा, त्यांना ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. पण ‘नाही’ म्हणणारा तो समाज आहे की त्याच्या नावाने बोलणारा एखादा अधिकारी, एवढं मात्र तपासून घ्यावं.

वस्तू दुसऱ्याच देशात आहेत. मग तिथल्या लोकांनी काय करायचं?

१८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने आजच्या नायजेरियात असलेल्या बेनिन राज्याच्या राजवाड्यातून पितळी फलक आणि शिल्पं हजारोंनी नेली आणि ती जगभरच्या संग्रहालयांत विखुरली. जिथे ती घडली तिथल्या मुलांना त्यांतली बहुतेक बघायला व्हिसा काढावा लागतो. जर्मनीने २०२२ मध्ये मालकी नायजेरियाकडे देण्याचा करार केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पहिल्या काही वस्तू परत दिल्या. ‘आम्ही ऑनलाइन दाखवतो ना’ हे अशा वेळी पुरेसं उत्तर नाही, असं मला वाटतं.

कला आणि कौशल्यं काचेच्या पेटीत कशी ठेवणार?

ठेवताच येत नाहीत. जपानमधलं इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात. २०१३ मध्ये ते बासष्टाव्यांदा झालं. वीस वर्षांचं अंतर असं, की आज हाताखाली शिकणारा पोरगा पुढच्या वेळी मुख्य कारागीर असतो आणि त्याच्या पुढच्या वेळी शिकवणारा म्हातारा. लाकूड नवं असतं, ज्ञान जुनं. अशा वारशाचं शिक्षण म्हणजे शिकणाऱ्याला शिकवणाऱ्याच्या शेजारी बसवणं आणि त्या शिकवणाऱ्याला त्याचा मोबदला देणं. व्हिडिओ जरूर करावा, पण तो शिष्याच्या जागी बसत नाही.

मी तज्ज्ञ नाही. मी काय करू शकतो?

पुष्कळ. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ दि जानेरोमधलं ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. संग्रहात सुमारे दोन कोटी वस्तू होत्या. दुसऱ्याच दिवसापासून विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केलं, तुम्ही तिथे काढलेले फोटो पाठवा. सहलीला आलेल्यांचे, मुलांना उभं करून काढलेले साधे फोटो आले. मागे उभी असलेली वस्तू कधी कधी तेवढीच उरली होती.

जुनी हस्तलिखितं वाचून संगणकावर टंकलिखित करायला अनेक अभिलेखागारं स्वयंसेवक घेतात, घरबसल्या. ओळखीच्या वास्तूची पडझड दिसली तर तारीख टाकून फोटो काढून ठेवा. संग्रहालयात काही समजलं नाही तर तिथल्या माणसाला विचारा, कारण आम्हाला कुठे कमी पडतोय ते त्यामुळेच कळतं.

आणि घरातले जुने फोटो बाहेर काढा. घरात जे सगळ्यांत वयस्कर असतील त्यांच्याशेजारी बसा, प्रत्येक चेहऱ्याचं नाव, नातं, ठिकाण, अंदाजे वर्ष विचारा. फोटो सपाट, स्वच्छ जागी पालथा ठेवून मागच्या कडेला मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता लिहा. बॉलपेन नको, वळ पुढून उमटतात. मागची बाजू गुळगुळीत प्लास्टिकसारखी असेल तर पेन्सिल उमटत नाही, मग फोटो कागदी पाकिटात घालायच्या आधी पाकिटावर लिहून घ्या. आवाजही मोबाइलवर रेकॉर्ड करा. नाव सांगताना आजी मध्येच थांबून हसली, तर तेही राहू द्या.